आराखडे आपले, किल्ली दुसऱ्याची

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एका स्नेह्यांच्या कचेरीत गेल्या पावसाळ्यात बसण्याचा योग आला. पंपांची बीडाची आवरणे ओतायची, त्यांवर लेथ-मिलिंगचे काम करायचे आणि पुण्या-मुंबईकडील मोठ्या कंपन्यांना ती पुरवायची, असा त्यांचा दोन पिढ्यांचा उद्योग. कचेरीच्या कोपऱ्यात एक जुने लोखंडी कपाट अजून उभे आहे. त्यांच्या वडिलांनी ट्रेसिंग पेपरवर स्वहस्ते काढलेली ड्रॉइंग्ज आणि त्यांच्या अमोनिया प्रिंट त्यात घड्या घालून ठेवलेल्या. त्या कपाटाची किल्ली वडील कमरेला बांधून वावरत. चोराच्या भयाने नव्हे, तर चुकीचा कागद साच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. रद्द झालेले ड्रॉइंग पॅटर्नवाल्याच्या हाती पडले, तर दोनशे कास्टिंग भंगारात जातात, हे ज्ञान त्यांना कोणत्याही व्यवस्थापन महाविद्यालयाने दिलेले नव्हते.

आजची ड्रॉइंग्ज संगणकावर आहेत आणि त्यांचे कपाटही संगणकावरच आहे. हे कपाट दोन महिन्यांपूर्वी उघडेनासे झाले होते. सर्व्हरची डिस्क गेली. अभियंता असलेल्या त्यांच्या चिरंजीवांनी रोज रात्री सगळ्या फायलींची प्रत लिनक्सवर चालणाऱ्या एका वेगळ्या यंत्रावर पडेल, अशी व्यवस्था केलेली होती. ती प्रत शाबूत होती. "काका, फायली सगळ्या आहेत," तो मला म्हणाला, "पण एकीलाही नाव नाही." पडद्यावर त्याने दाखवले ते दृश्य विलक्षण होते. आकडे आणि अक्षरे यांची शेकडो घड्याळी कप्प्यांसारखी फोल्डरे, त्यांत एक, दोन, तीन अशा अनुक्रमांकांच्या फायली. कोणती फाइल कोणत्या पंपाची, कोणती जुनी, कोणती मंजूर झालेली, हे सांगणारी वही म्हणजे डेटाबेस. तो वेगळ्या ठिकाणी होता आणि त्याचा बॅकअप कित्येक महिने होतच नव्हता.

यात त्यांची चूक नव्हती काय? होती, आणि त्यांनी ती प्रांजळपणे मान्य केली. डेटाबेसचा बॅकअप न घेणाऱ्याला कोणताही सर्व्हर वाचवू शकत नाही. परंतु माझ्या लेखणीला चाळवले ते पुढच्या प्रसंगाने. नव्याने सारे उभारायचेच आहे, तर आपल्याकडे उत्तम चालणारा लिनक्सचा सर्व्हर आहे, त्यावरच हे कपाट मांडता येईल का, असे त्या तरुणाने विक्रेत्याच्या प्रतिनिधीला विचारले. उत्तर तीन शब्दांचे आले: "सर, सपोर्टेड नाही." त्यासोबत नव्या विंडोज सर्व्हरचे, नव्या एसक्यूएल सर्व्हरचे आणि नव्या आवृत्तीचे कोटेशन आले.

या "सपोर्टेड नाही"चा समाचार घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही, त्या वाचकांसाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. एका साध्या पंपाच्या जोडणीत पन्नास-साठ भाग असतात. प्रत्येक भागाची एक फाइल, जोडणीची आणखी एक, आणि त्या सगळ्या एकमेकींचा पत्ता लक्षात ठेवणाऱ्या. एकाने इम्पेलरचा व्यास बदलला, तर तो बदल जोडणीत, ड्रॉइंगमध्ये, भागांच्या यादीत उतरला पाहिजे. त्याच वेळी दुसऱ्या डिझायनरने तीच फाइल उघडून स्वतःचा बदल करून ठेवला, तर पहिल्याचे काम पुसले जाते. म्हणून 'चेक-आउट' आणि 'चेक-इन' ही शिस्त आली. ग्रंथालयातून पुस्तक नेताना नोंद करावी आणि परत करताना पुन्हा करावी, तशी. या शिस्तीची राखण करणारी प्रणाली म्हणजे प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट, थोडक्यात पीडीएम. ती कारखान्याची स्मृती असते. ओतकाम भाड्याने मिळते, यंत्रे कर्जाने मिळतात. स्मृती मात्र स्वतःचीच असावी लागते.

आता ही स्मृती कोणत्या भूमीवर उभी आहे ते पाहू. लहान आणि मध्यम उद्योगांत ज्यांचा वावर आहे, त्या सॉलिडवर्क्स पीडीएम आणि ऑटोडेस्क व्हॉल्ट या दोन्ही प्रणालींचा सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवरच चालतो. माहितीचा साठा मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हरमध्ये. म्हणजे ड्रॉइंगच्या कपाटाची किंमत मोजली की काम भागत नाही. कपाट ज्या फरशीवर ठेवायचे, ती फरशीही एकाच दुकानातून घ्यायची. शिवाय त्या फरशीवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकामागे प्रवेशपरवाना वेगळा. छोट्या कारखान्यांना मोहात पाडणारी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस ही फुकट आवृत्तीही आहे. परंतु तिच्या डेटाबेसला आकाराची मर्यादा आहे, जी अनेक वर्षे १० जीबी होती. ती भरली की विकतच्या आवृत्तीचे दार उघडतेच. आणि ही फरशी कायमची नसते. विंडोज सर्व्हर २०१२चा आधार १० ऑक्टोबर २०२३ला संपला, एसक्यूएल सर्व्हर २०१४चा ९ जुलै २०२४ला. यंत्र धडधाकट, काम सुरळीत, तरी कारखानदाराने खिशात हात घालायचा, तो त्याच्या गरजेनुसार नव्हे तर परक्या कंपनीच्या दिनदर्शिकेनुसार.

"लिनक्सवर हे तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही," असे कोणी म्हणत असेल तर त्याने या क्षेत्राचा इतिहास चाळावा. अभियांत्रिकी आरेखन वाढले तेच मुळी युनिक्सच्या अंगणात. १९८८ साली आलेले प्रो-इंजिनिअर युनिक्सच्या वर्कस्टेशनवर चालत असे. कॅटिया आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर आणि नंतर त्या कंपनीच्या युनिक्सवर नांदले. ती यंत्रे इतकी महाग होती की सामान्य कारखानदाराने त्यांचे स्वप्नही पाहू नये. १९९५ साली सॉलिडवर्क्स साध्या पीसीवरच्या विंडोजवर आले, तेव्हा हे दार सर्वांना उघडले. हे ऋण मान्य केले पाहिजे. त्या काळी विंडोज हीच छोट्या उद्योगाची मुक्ती होती. कालची मुक्तीच आजची बेडी कशी होते, याचा अनुभव आपल्या समाजाला इतर अनेक बाबतींत आहे. तो इथेही आला, इतकेच.

त्याहून बोचरी गोष्ट पुढेच आहे. मोठ्या कंपन्या वापरतात त्या सीमेन्सच्या टीमसेंटर किंवा पीटीसीच्या विंडचिल या प्रणालींचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि अधिकृतपणे चालतात. दासो सिस्टिम्स ही सॉलिडवर्क्सची मालक कंपनी. तिची मोठ्या उद्योगांसाठीची प्रणालीही लिनक्सच्या सर्व्हरवर बसवता येते. मग अशक्य काय आहे? विमाने आणि मोटारी बनवणाऱ्यांना निवडीचे स्वातंत्र्य आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शिरोलीच्या कारखानदाराला "सपोर्टेड नाही", हा भेद तंत्राचा नाही, तो ग्राहकाच्या वजनाचा आहे. मोठ्या ग्राहकाने मागितले म्हणून त्याला मिळाले. लहान ग्राहकाने कधी एकमुखाने मागितलेच नाही.

खुद्द मायक्रोसॉफ्टचे वर्तन पाहिले तर ही सबब आणखी पोकळ वाटते. २००१ साली या कंपनीच्या प्रमुखांनी, स्टीव्ह बामर यांनी, लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. २०१७ साली त्याच कंपनीने आपला एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर चालवून विकायला काढला. २०१९ साली तिच्याच एका अभियंत्याने जाहीरपणे सांगितले की कंपनीच्या मेघसेवेवर लिनक्सचा वापर विंडोजच्या पुढे गेला आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातील पाचशेच्या पाचशे यंत्रे नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर आहेत. रोगाने वैद्याच्याच घरी बिऱ्हाड केले. पथ्य मात्र रुग्णाने पाळायचे!

अर्थात, केवळ घोषणा देऊन सर्व्हर चालत नाहीत. लिनक्सच्या यंत्रावर विंडोजच्या संगणकांसाठी फायली ठेवायच्या तर 'सांबा' नावाची प्रणाली लागते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तिचा आरंभ १९९१-९२च्या सुमारास केला. विंडोजची यंत्रे आपापसांत कोणती भाषा बोलतात, हे त्यांच्या तारेवरून जाणारे संदेश पाहून ओळखायचे आणि तीच भाषा लिनक्सला शिकवायची, असा तो उद्योग. दुभाषा कितीही निष्णात असो, काही बारकावे निसटतात. लिनक्सच्या लेखी मोठ्या लिपीतले 'पंप' आणि लहान लिपीतले 'पंप' हे दोन भिन्न पदार्थ आहेत; विंडोजच्या लेखी ते एकच. विंडोजचा संगणक फाइलची प्रत स्वतःकडे धरून ठेवतो आणि बदल सवडीने सर्व्हरवर लिहितो. ही सवलत चुकीच्या ठिकाणी दिली गेली तर सामायिक डेटाबेस फाइल नासते. ज्यांनी कोणा हौशी मुलाकडून स्वस्तात सर्व्हर लावून घेतला आणि पोळले, त्यांचा राग खोटा नाही. पण हा राग तंत्रज्ञानावर काढावा की भाषा लपवून ठेवणाऱ्यावर?

होय, ती भाषा लपवून ठेवली होती. हे आमचे मत नाही, हा न्यायालयीन इतिहास आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९९८ साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली की आमच्या सर्व्हरला विंडोजशी नीट बोलता यावे, यासाठी लागणारी माहिती मायक्रोसॉफ्ट देत नाही. वाद होता तो नेमका कचेरीतल्या फायली, प्रिंटर आणि वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरविषयी, म्हणजेच आपल्या कारखान्यात कोपऱ्यात गुरगुरत बसलेल्या यंत्राविषयी. मार्च २००४मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला दोषी ठरवून ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि माहिती खुली करण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली आणि १७ सप्टेंबर २००७ रोजी हरली. त्या डिसेंबरात सांबाच्या कार्यकर्त्यांना १० हजार युरो भरून ती कागदपत्रे मिळाली. ज्या दुभाषाला पंधरा वर्षे दाराबाहेर कान लावून भाषा शिकावी लागली, त्याला अखेर शब्दकोश हाती आला. तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या अडचणींच्या गोष्टी सांगून आजच्या कारखानदाराला भिववणे अप्रामाणिकपणाचे आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही हटकून पुढे येतो. 'नावाजलेल्या कंपनीचे घेतले म्हणजे निर्धास्त.' मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रणालीने विंडोजच्या फाइल-वाटपातील एका जुन्या छिद्रातून जगभर धुमाकूळ घातला. रेनॉ आणि निस्सानसारख्या मोटार कंपन्यांचे काही कारखाने थांबले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याचा तडाखा बसला, आणि त्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. न्याय्य बोलायचे तर त्याच मे महिन्यात सांबातही एक गंभीर छिद्र सापडले होते. अभेद्य असे काहीच नसते. फरक एवढाच की एका ठिकाणी भिंत उघडी असते, कोणीही तपासू शकतो, दुरुस्त करू शकतो. दुसऱ्या ठिकाणी मालकाने गवंडी पाठवेपर्यंत वाट पाहावी लागते.

आता यात देशाच्या स्वावलंबनाचा प्रश्न कोठे आला, असे एखादा सुज्ञ वाचक विचारील. जुलै २०२५ची घटना आठवावी. युरोपीय संघाने १८ जुलै रोजी नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. तिची शुद्धीकरणशाळा गुजरातमध्ये वाडीनार येथे, कचेरी मुंबईत. त्यानंतर थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल आणि अन्य सेवा बंद केली. कंपनीने भारताचा कोणताही कायदा मोडल्याचा आरोप नव्हता. पैसे भरलेले होते. दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. नायरात रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा वाटा आहे, त्या राजकारणात आपल्याला येथे शिरायचे नाही. आणि आपल्या खोलीत ठेवलेला सर्व्हर अशा रीतीने एका रात्रीत बंद पडत नाही, हेही खरे. परंतु सारे आरेखनशास्त्र आज वर्षाच्या भाड्यावर आणि परक्या मेघांवर नेले जात आहे. ऑटोडेस्कने कायमचे परवाने विकणे २०१६ सालीच थांबवले. मार्च २०२२मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ऑटोडेस्क या दोघांनीही रशियातील व्यवसाय स्थगित केला, तेव्हा तेथील अभियंत्यांपुढे कोणता प्रश्न उभा राहिला असेल, याची कल्पना कारखानदाराला करता येईल. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, म्हणून १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम' उभा केला, हे आपण अभिमानाने सांगतो. नकार मिळाल्यावर जागे होण्याची ही सवय अभिमानास्पद खरी. पण नकाराआधी जागे व्हायला कोणाची हरकत आहे?

आणि यातील सर्वांत मोठी विसंगती पुण्यातच आहे. दासो सिस्टिम्सने गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक कंपनीसोबत २००२ साली थ्रीडीपीएलएम ही संयुक्त कंपनी स्थापन केली. पीटीसी आणि सीमेन्स यांचीही विकासकेंद्रे पुण्यात आहेत. जगाच्या कारखान्यांची स्मृती सांभाळणाऱ्या या प्रणालींतील पुष्कळ ओळी मराठी घरांतील मुले-मुली हिंजवडी-खराडीत बसून लिहितात. त्यांच्याच काकांच्या भोसरीतील वर्कशॉपला मात्र कपाट कोणत्या खोलीत ठेवायचे, हे विचारायला समुद्रापार जावे लागते. कर्तृत्व कमी नाही. कर्तृत्वाची मालकी नाही.

सरकारने काही केले नाही असे नाही. नोव्हेंबर २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आले, २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आले, २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली आपल्या संगणकांवर बसवण्यास घेतली. परंतु ही सारी धोरणे सरकारी कचेरीच्या उंबऱ्याशी थांबतात. एमआयडीसीतल्या कारखानदाराला त्यांचा उपयोग शून्य. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७ कोटींहून अधिक दंड केला. ड्रॉइंगच्या कपाटाबरोबर फरशी घेण्याची सक्ती त्याच आयोगापुढे का जाऊ नये? उद्योजकांच्या संघटना वीजदर आणि जकातीसाठी मोर्चे काढत आल्या. या विषयावर एखादी बैठक तरी झाली असेल काय?

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. डिझायनरच्या टेबलावरचे संगणक विंडोजवर राहू देत. बहुतेक आरेखन-प्रणालींना ते लागतेच, आणि तो हट्ट धरण्यात आज अर्थ नाही. प्रश्न सर्व्हरचा आहे. दहा-बारा डिझायनरांच्या कारखान्यात, ज्यांना भारंभार मंजुरी-साखळ्यांची गरज नाही, तेथे सबव्हर्जन हे मुक्त साधन लिनक्सच्या सर्व्हरवर अतिशय उत्तम चालते. २००५ सालच्या आवृत्तीपासून त्यात फाइलला कुलूप लावण्याची सोय आहे, आणि विंडोजवरून ते वापरण्यासाठी फुकट साधनही आहे. जोडणीतील भागांचे नातेसंबंध त्याला कळत नाहीत, ती उणीव खरीच. तेथे शिस्त माणसाने पाळावी लागते. ज्यांना विकतचीच प्रणाली हवी, त्यांनी खरेदीच्या आदेशावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे की सारी माहिती नावे, आवृत्त्या आणि परस्परसंबंधांसह बाहेर काढून देणार का, आणि तुमच्या मोठ्या ग्राहकाला मिळते ती सर्व्हरची निवड आम्हाला केव्हा मिळणार. प्रत्येक मंजूर भागाची एक प्रत 'स्टेप' या आंतरराष्ट्रीय मानकात आणि ड्रॉइंगची एक पीडीएफ साध्या, वाचता येणाऱ्या नावाने वेगळी ठेवावी. १९९४ साली आयएसओने मान्य केलेले हे मानक कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही.

शिरोलीच्या त्या तरुणाने हे दोन्ही प्रश्न विक्रेत्याला ई-मेलने पाठवले. मी निघालो तेव्हा तीन आठवडे लोटले होते आणि उत्तर आलेले नव्हते. कोटेशन टेबलावर सहीविना पडून होते. दुकानदारी आटोपल्यावर रोज रात्री तो एकेक बिननावाची फाइल उघडत होता, आणि शेजारी चष्मा सावरत बसलेले त्याचे वडील आजोबांच्या त्या लोखंडी कपाटातल्या अमोनिया प्रिंट पसरून, हे आवरण कोणत्या पंपाचे, ते ओळखून सांगत होते. पहिल्या आठवड्यात ऐंशी नावे लागली होती.